आवाज बाहेर पडतो तिथून

इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघालेल्याला मिळणाऱ्या सल्ल्याचा क्रम ठरलेला असतो: आधी गिटार चांगली घे, मग ॲम्प, आणि उरलेल्या पैशांत पेडल. हा क्रम जिथे रूढ झाला तिथे घराला गॅरेज असतं, शेजारी लांब राहतो आणि वादक स्वतःचा ॲम्प गाडीत टाकून कार्यक्रमाला नेतो. अंधेरी ते बोरिवली किंवा घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात यातलं फारसं काही लागू पडत नाही. इथल्या वादकाचा आवाज तीन ठिकाणी बाहेर पडतो. वन-बीएचकेत कानाला लावलेल्या हेडफोनमधून, तासाच्या भाड्याने घेतलेल्या जॅमरूममधल्या ॲम्पमधून, आणि बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, पार्ल्याचं दीनानाथ, मुलुंडचं कालिदास अशा नाट्यगृहांच्या किंवा एखाद्या पबच्या स्पीकरमधून. हेडफोन सोडले तर यातलं काहीच त्याच्या मालकीचं नसतं. म्हणून उपनगरात चांगल्या टोनची निवड उलटीकडून, आवाज बाहेर पडतो त्या टोकापासून सुरू करावी आणि मोठ्या ॲम्पचा विचार सर्वांत शेवटी करावा, किंवा करूच नये, असं माझं म्हणणं आहे.

ॲम्पबद्दल असं बोलणं अनेकांना पाखंड वाटेल, म्हणून आधी आकडे पाहू. गिटारच्या ॲम्पमध्ये बसवला जाणारा सेलेस्टियन ग्रीनबॅकसारखा बारा इंची स्पीकर फक्त एक वॅट मिळाला तरी एक मीटरवर सुमारे ९८ डेसिबल आवाज देतो. दहा वॅटला तो १०८ होतो. म्हणजे पंधरा वॅटचा ॲम्प सोडून तीस वॅटचा घेतला, तर पदरात पडतात जेमतेम तीन डेसिबल. दुसऱ्या बाजूला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. नियम बाजूला ठेवला तरी समोरच्या दाराआड बारावीचा अभ्यास चालू असतोच. फ्लॅटमध्ये सुसह्य होईल असा आवाज हवा तर स्पीकरला वॅटचा शंभरावा भाग पुरतो. व्हॉल्व्ह ॲम्पची जी कीर्ती आहे, ती त्याच्या पॉवर व्हॉल्व्ह क्षमतेच्या टोकाला पोचून आवाज फाटू लागतो त्या क्षणाची आहे. तो क्षण कांदिवलीच्या दुसऱ्या मजल्यावर कधीच येत नाही. ज्या गुणासाठी पैसे मोजले तोच वापरता येत नसेल, तर ती खरेदी टोनसाठी झाली असं कसं म्हणायचं? त्यात फेंडरचा ट्विन रिव्हर्ब एकोणतीस किलोच्या आसपास भरतो, आणि अमेरिकेतून कुणी आणलेला असेल तर आपल्या २३० व्होल्टसाठी स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरही सोबत वागवावा लागतो. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये हे घेऊन चढून दाखवावं.

मंद आवाजाची दुसरी अडचण याहून फसवी आहे. आवाज कमी असला की माणसाच्या कानाला खर्ज आणि अगदी वरचे स्वर प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिलं. त्यामुळे रात्री अकरा वाजता हळू आवाजात टोन बसवणारा वादक नकळत बेस आणि ट्रेबल वाढवतो आणि मिड खाली आणतो. खोलीत तो टोन भरदार, चकचकीत वाटतो. तीच सेटिंग सभागृहात मोठ्या आवाजात आली की खर्ज ढोलकी आणि बेस गिटारच्या अंगावर जातो, वरचे स्वर कानाला टोचतात, आणि गिटारची ओळख ज्या मधल्या पट्टीत असते ती रिकामी राहते. मग लीड ऐकू येत नाही म्हणून ओरड होते, ऑपरेटर फेडर वर करतो आणि टोचणं तेवढं वाढतं. अशा वेळी दोष बहुधा गिटारच्या माथी मारला जातो. टोन निदान एकदा तरी कार्यक्रमाच्या आवाजात, म्हणजे जॅमरूममध्ये बसवणं आणि तिथली सेटिंग वेगळी जतन करणं हा त्यावरचा साधा इलाज. जॅमरूमचे काही तास कुठल्याही नव्या पेडलपेक्षा टोन जास्त सुधारतात.

नाट्यगृहात नेमकं काय घडतं ते जरा जवळून पाहायला हवं. ऑर्केस्ट्रात किंवा जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात गिटारवाल्याला बहुतेक वेळा ‘लाइन’ मिळते. पेडलमधून निघालेली केबल डीआय बॉक्समध्ये आणि तिथून थेट मिक्सरला. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा भाग झपाट्याने गाळून टाकतो. सभागृहाचा स्पीकर मात्र गायकाचा ‘स’ स्वच्छ ऐकू यावा म्हणून तो सगळा भाग इमानाने पोचवतो. डिस्टॉर्शन पेडलने तयार केलेले वरचे स्वर गाळायला वाटेत कुणी उरलेलं नसतं, आणि रॉक गाण्याचा सोलो कढईत जिरं तडतडावं तसा ऐकू येतो. पेडल महाग असो वा स्वस्त, निकाल तोच. याच वादकाने साधा प्रोसेसर घेऊन त्यातलं कॅबिनेट सिम्युलेशन चालू केलं, म्हणजे एखाद्या खऱ्या स्पीकरचा आणि त्यापुढच्या माइकचा मोजून घेतलेला ठसा सिग्नलवर लावला, तर तोच सोलो माणसात येतो. उलट तोच प्रोसेसर जॅमरूमच्या ॲम्पच्या पुढच्या जॅकमध्ये घालताना हे सिम्युलेशन बंद करावं लागतं, नाहीतर आवाज दोनदा गाळला जाऊन घोंगडीखालून आल्यासारखा होतो. हे एक बटण वेळेवर दाबणं टोनच्या दृष्टीने लाकडाच्या जातीपेक्षा शंभरपट मोलाचं आहे, आणि दुकानात ते क्वचितच कुणी सांगतं.

शहराच्या इतिहासानेही हाच धडा दिलेला आहे. १९८६ साली सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक महोत्सव धोबी तलावच्या रंगभवनात खुल्या आकाशाखाली व्हायचा. आजूबाजूला रुग्णालयं आणि कॉलेज असल्याने शांतता क्षेत्राचे नियम आले आणि रंगभवनातले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम थांबले. पुढे हा महोत्सव अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर आला, म्हणजे रॉक उपनगरात आला, पण रोज मोठ्या आवाजात वाजवायची मुभा काही सोबत आली नाही. सिनेसंगीताचं गिटारवादन तर स्टुडिओच्या माइक आणि मिक्सरच्या भरवशावरच वाढलं, आणि आज अंधेरी-ओशिवऱ्याच्या छोट्या स्टुडिओंत बरंचसं गिटार ॲम्पशिवाय, थेट कॉम्प्युटरमध्ये जातं. पण उलट्या क्रमाचं सर्वांत यशस्वी उदाहरण ना रॉकमध्ये आहे ना स्टुडिओत. ते बेंजो पार्टीत आहे. गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तो आपला बेंजो म्हणजे पिकअप लावलेला बुलबुल तरंग. गोरो मोरिता यांनी १९१२ साली नागोयात घडवलेल्या ताइशोगोतोचा तो वंशज. टेम्पोवरच्या स्पीकरमधून, ढोल-ताशा आणि ऑक्टापॅडच्या गदारोळात कोळीगीताची चाल गल्लीच्या टोकापर्यंत पोचली पाहिजे, ही अट आधी आणि वाद्याचा आवाज नंतर, असा तिथे हिशेब असतो. म्हणून तो आवाज मधल्या पट्टीत ठासून भरलेला, धारदार आणि खर्जात हलका असतो. हा टोन कर्कश आहे असं नाक मुरडून म्हणता येईल, पण आपला आवाज कुठून आणि कुणासाठी बाहेर पडणार आहे हे पक्कं ठाऊक असलेला इलेक्ट्रिक तंतुवादक या शहरात आधी बेंजोवालाच होता.

टोकापासून मागे येत आपण गिटारपाशी पोचतो. इथे लाकडाची चर्चा फार होते, पुरावा मात्र तोकडा आहे. नॅशविलच्या जिम लिल यांनी गिटारची बॉडी पूर्णपणे काढून टाकून, दोन बाकांच्या मध्ये नुसत्या तारा ताणून, तोच पिकअप त्याच अंतरावर ठेवून वाजवून दाखवलं. आवाज ओळखू येण्याइतका बदलला नाही. हा एका माणसाचा प्रयोग आहे, अंतिम निवाडा नव्हे. तरी पिकअप कोणता, तो तारेपासून किती दूर आणि ब्रिजपासून किती अंतरावर, याला लाकडापेक्षा कितीतरी जास्त वजन आहे एवढं त्यातून दिसतं. उपनगरातल्या वादकाने पिकअप निवडताना आणखी एक गोष्ट पाहायची: घरातली वीज. सिंगल कॉइल पिकअप ५० हर्ट्झची घरघर उचलतो, आणि पंख्याचा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा डिमर जवळ असला तर तिच्यावर किरकिरही चढते. गिब्सनचे सेथ लव्हर यांनी १९५५ साली पेटंटसाठी अर्ज केलेला हंबकर याच रोगावरचं औषध आहे: दोन उलट्या कॉइल, एकमेकींची घरघर खोडणाऱ्या. सिंगल कॉइलवाल्या स्ट्रॅटचा काचेसारखा आवाज ज्याला हवाच आहे त्याने तो जरूर घ्यावा, पण आधी घराचं अर्थिंग तपासावं. दुसरा शत्रू पावसाळा. जुलैत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, तारा गंजतात, नेक हलते, ॲक्शन बदलते. वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि दिवाळीच्या सुमाराला, जाणत्या कारागिराकडून सेटअप करून घेतलेली इंडोनेशियन स्क्वायर, सेटअप न केलेल्या अमेरिकन फेंडरपेक्षा सुरात आणि म्हणून टोनमध्येही सरस ठरते.

पेडलबद्दल थोडक्यात. ट्यूब स्क्रीमर आजवर टिकला तो त्याच्या डिस्टॉर्शनपेक्षा ७०० हर्ट्झच्या आसपास मिडला दिलेल्या उठावामुळे, म्हणजे खोलीत नकोसा वाटणारा आणि गर्दीत लागणारा नेमका तोच भाग पुढे आणल्यामुळे. एक ओव्हरड्राइव्ह, एक डिले आणि ट्यूनर यांपुढचा संग्रह हा बहुतेकांच्या बाबतीत छंद असतो. छंद वाईट नाही, फक्त त्याला टोन म्हणू नये.

आता आक्षेप. ‘टोन बोटांत असतो’ हे खरं आहे, पण ते सगळ्याच सामानाला सारखं लागू असल्याने निवडीच्या कामाचं नाही. दुसरा आक्षेप असा की डिजिटल यंत्रात बोटाला उत्तर देणारा जिवंतपणा नसतो, आवाज उशिरा येतो. १९९८ सालच्या लाइन सिक्सच्या पॉडबद्दल ही तक्रार रास्त असेल. आजची चांगली यंत्रं काही मिलिसेकंदांत आवाज बाहेर काढतात, आणि ॲम्पपासून तीन मीटरवर उभ्या असलेल्या वादकाला तर हवेतून येणारा आवाजच नऊ मिलिसेकंद उशिरा मिळतो. त्याबद्दल कुणी कुरकुर केल्याचं ऐकिवात नाही. तिसरा आक्षेप मात्र मान्यच करायला हवा. मोठ्या ॲम्पसमोर उभं राहिल्यावर स्पीकरचा आवाज तारांना पुन्हा हलवतो, स्वर विझतच नाही आणि फीडबॅक हातात खेळवता येतो. ते हेडफोनमध्ये होत नाही. हे नुकसान खरं आहे, आणि ते भरून काढायची उपनगरातली जागा एकच, जॅमरूम.

सर्वांत गंभीर आक्षेप शेवटचा: सगळ्यांकडे तीच यंत्रं, त्याच दोन-चार ॲम्पचे ठसे, हल्ली तर न्यूरल ॲम्प मॉडेलरसारखं सॉफ्टवेअर फुकट, मग सगळ्यांचा टोन एकसारखा होणार. तो होतोच आहे. पण त्याचा दोष यंत्राकडे कमी आणि परक्या पाचपन्नास रेकॉर्डींची नक्कल करण्याच्या सवयीकडे जास्त जातो. व्हॅन शिप्ली किंवा हजारा सिंग यांनी इलेक्ट्रिक हवाइयन गिटारवर सिनेगीतं वाजवली तेव्हा तो टोन गळ्यामागे जाणारा होता, मींड पूर्ण होईपर्यंत टिकणारा, डिस्टॉर्शन जवळपास नसलेला. त्या वाटेने आज फार थोडे जातात. ओढून मींड घ्यायची तर नऊच्या पातळ तारा, स्लाइडने घ्यायची तर अकराच्या आणि ॲक्शन थोडी उंच, स्वर लांबवायला कम्प्रेसर, आघात लपवायला व्हॉल्यूम पेडल आणि सभागृहासाठी चालू ठेवलेलं कॅबिनेट सिम्युलेशन, एवढं सामान या कामाला पुरतं. गिटारच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात ते मावतं, आणि घाटकोपरच्या फ्लॅटमध्ये रात्री दहानंतरही त्याचा रियाज करता येतो.