शाळेतील आग : साधने मोजायची की सेकंद?

शाळेच्या तपासणीत अग्निसुरक्षेचा विषय बहुधा एका रकान्यात संपतो. अग्निशामक किती? चार. वाळूच्या बादल्या किती? आठ. नळकांडी केव्हा भरली? याच वर्षी. रकाना भरतो, सही होते आणि तपासणी पुढच्या विषयाकडे वळते. काहीतरी मोजले जाते हे चांगलेच. पण जे मोजले जाते त्याचा मुलांच्या जिवाशी नेमका किती संबंध आहे, हे कोणी विचारत नाही. हा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षकाने विचारायला हवा. चुकीची राशी कितीही अचूक मोजली तरी उत्तर बरोबर येत नाही, हे आपणच वर्गात शिकवतो.

तपासणीत उत्तीर्ण झालेली शाळा

१ डिसेंबर १९५८ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ या शाळेला आग लागली. ९२ मुले आणि ३ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. काही आठवडे आधीच ही शाळा अग्निशमन दलाच्या तपासणीत उत्तीर्ण झाली होती. इमारत जुनी असल्यामुळे नव्या इमारतींसाठीचे कडक नियम तिला लागू नव्हते, आणि जे नियम लागू होते त्यांची पूर्तता झालेली होती.

शाळेत अग्निशामक होते. ते जमिनीपासून सात फुटांवर टांगलेले होते. धोक्याची घंटा होती. तिचा स्विच सहा फुटांवर होता आणि त्यावर काही खूण नव्हती. घंटा वाजली तरी शाळेपुरतीच वाजायची, अग्निशमन दलाला तिचा पत्ता लागत नसे. आग सुरू झाली तळघरात, जिन्याच्या पायथ्याशी ठेवलेल्या कचऱ्याच्या पिंपात. तिथे कोणी बसत नसल्यामुळे ती बराच वेळ कोणाच्या लक्षातच आली नाही. खालच्या मजल्यावर जिना आणि वर्ग यांच्यामध्ये दरवाजा होता, तो बंद होता. तिथली मुले वाचली. वरच्या मजल्यावर तसा दरवाजा नव्हता. गरम धूर जिन्यातून थेट वर गेला आणि व्हरांड्यात भरला. वर्गातल्या मुलांना आग लागल्याचे कळले तेव्हा बाहेर पडण्याची वाट बंद झालेली होती.

या यादीत ‘साधन नव्हते’ असे फारसे कुठे म्हणता येत नाही. साधने होती. कमी पडला तो वेळ. आग लागल्यापासून ती कळेपर्यंतचा काळ फार मोठा होता आणि कळल्यापासून वाट बंद होईपर्यंतचा काळ फार छोटा.

धूर आधी, ज्वाळा नंतर

या दुर्घटनेनंतर १९५९ मध्ये लॉस एंजेलिस शहराच्या अग्निशमन दलाने एका रिकाम्या शाळेच्या इमारतीत मुद्दाम आगी लावून मोजमापे घेतली. निष्कर्ष स्पष्ट होता : शाळेत जिवाला मुख्य धोका धुराचा असतो. जिने आणि व्हरांडे उष्णतेने निरुपयोगी होण्याच्या कितीतरी आधी धुराने निरुपयोगी होतात.

याचे भौतिकशास्त्र आठवीच्या मुलालाही समजेल. गरम हवा हलकी असते, ती वर चढते आणि तिची जागा घ्यायला खालून थंड हवा आत येते. उघडा जिना म्हणजे या अभिसरणासाठी बांधलेले धुराडेच. धुरातील कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनच्या तुलनेत २०० पटींहून अधिक ओढीने हिमोग्लोबिनला चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस आधी गोंधळतो, मग त्याचे पाय उचलत नाहीत.

आता आपल्या शिकवण्याकडे पाहू. ज्वलनाच्या पाठात आपण इंधन, ऑक्सिजन आणि ज्वलनांक हा त्रिकोण शिकवतो आणि त्यातील एक बाजू काढली की आग विझते असे सांगतो. हे बरोबर आहे. पण संपूर्ण पाठ आग ‘विझवण्या’भोवती फिरतो. धूर कुठे जातो, किती वेगाने जातो, माणसाला काय करतो, याबद्दल त्यात क्वचितच काही असते. ज्याने मुले मरतात ते पाठात नाही आणि जे मुलांनी करूच नये ते सविस्तर आहे.

जे आहे तेही पुष्कळदा चुकीचे समजते. सोडा-आम्ल अग्निशामकाची आकृती कित्येक पिढ्यांनी वहीत काढली. ती काढताना कार्बन डायऑक्साइडमुळे आग विझते असा मुलांचा समज होतो. वास्तविक त्या उपकरणातून जोराने बाहेर पडते ते मुख्यतः पाणी. वायूचे काम पाणी ढकलण्याचे. आग विझते ती पाण्याने गार झाल्यामुळे. म्हणूनच ते विजेच्या आगीवर वापरणे धोक्याचे. हा खुलासा केला नाही, तर परीक्षेत पूर्ण गुण मिळवणारा मुलगा विजेच्या बोर्डावर पाणी मारायला निघेल.

गप्प घंटेचे दोन अर्थ

आग लागल्यापासून ती कळेपर्यंतचा काळ कमी करणारे साधन म्हणजे धोक्याची सूचना देणारी यंत्रणा. हिच्याविषयीही आपण ‘आहे किंवा नाही’ एवढेच विचारतो. खरा प्रश्न असा आहे : ती बिघडली तर आपल्याला कळेल का?

शाळेतली नेहमीची विजेची घंटा घ्या. बटण दाबले की मंडल पूर्ण होते आणि घंटा वाजते. मधली तार उंदराने कुरतडली असेल, तर घंटा गप्प राहते. सगळे ठीक असतानाही ती गप्पच असते. म्हणजे तिच्या गप्प बसण्याचे दोन अर्थ आहेत आणि ते आपल्याला वेगळे करता येत नाहीत. तासाच्या घंटेबाबत याने बिघडत नाही, कारण ती दिवसातून आठदा वाजते आणि बिघाड लगेच उघड होतो. धोक्याची घंटा मात्र वर्षानुवर्षे वाजत नाही.

अग्निसूचनेच्या चांगल्या यंत्रणेत यावर एक साधा आणि सुंदर उपाय असतो. तारांच्या दूरच्या टोकाला एक रोधक जोडून ठेवतात. त्यामुळे मंडलातून सतत थोडासा प्रवाह वाहत राहतो. हा ठरावीक प्रवाह म्हणजे ‘सगळे ठीक’. धूरशोधक चालू झाला की प्रवाह वाढतो; तो ‘आग’ असा संदेश. तार तुटली की प्रवाह शून्य होतो. तो ‘बिघाड’ असा संदेश. आता गप्प बसण्याला एकच अर्थ उरतो.

हे वर्गात दाखवायला फारसा खर्च येत नाही. ९ व्होल्टची बॅटरी, मल्टिमीटर, लांब दुहेरी तार आणि तिच्या टोकाला १८०० ओहमचा रोधक एकसरीत जोडा. ओहमच्या नियमाप्रमाणे ५ मिलिअँपिअर प्रवाह दिसेल. आता दोन तारांच्या मध्ये ४७० ओहमचा रोधक जोडा. हा आपला ‘धूरशोधक’. प्रवाह सुमारे २४ मिलिअँपिअर होईल. तो काढून टाका आणि तार कुठेही तोडा. प्रवाह शून्य. ओहमच्या नियमावर रटाळ गणिते सोडवून कंटाळलेल्या मुलांना हा नियम जीव कसा वाचवतो, हे पाच मिनिटांत समजेल.

आपल्याकडची स्थिती

१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणम येथील शाळेत ९४ मुले भाजून मेली. जेवण शिजवण्याच्या जागेतून ठिणगी उडाली, झावळ्यांचे छप्पर पेटले आणि वर अडकलेल्या मुलांना उतरायला एक अरुंद जिना होता. या घटनेनंतर झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये निकाल दिला. शाळांच्या इमारती राष्ट्रीय इमारत संहितेनुसार सुरक्षित असाव्यात, त्यांची ठरावीक काळाने पाहणी व्हावी, ज्वालाग्राही वस्तू शाळेत साठवू नयेत, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे, आणि अग्निशामक साधने सहा महिन्यांत बसवावीत, असे त्यात सांगितले होते. या पाचांपैकी बाजारात विकत मिळणारी गोष्ट एकच. भिंतींवर दिसते तीही तीच. कुंभकोणमच्या पेटलेल्या छपराखाली लाल नळकांड्याने फारसा फरक पडला नसता. दुसऱ्या जिन्याने पडला असता.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. इमारतीतील यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. तरतूद योग्य आहे. परंतु जानेवारीचे प्रमाणपत्र फेब्रुवारीत तुटलेल्या तारेबद्दल काही सांगत नाही. वर वर्णन केलेले मंडल स्वतःची तपासणी क्षणोक्षणी करत असते. कागद ती करू शकत नाही. आणि जिन्याच्या फाटकाला आज सकाळी कुलूप आहे की नाही, हे तर कोणतेच यंत्र सांगत नाही. ते शिपायाला आणि शिक्षकाला पाहावे लागते.

मग मोजायचे काय?

सर्व शाळांना पूर्ण यंत्रणा परवडणार नाही, आणि सर्वांना तिची गरजही नाही. जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची बैठी शाळा, जिचे दरवाजे थेट अंगणात उघडतात, ती पुष्कळ सुरक्षित आहे. तिथे छपराचे साहित्य आणि चूल यांवर लक्ष ठेवले तरी मोठे काम होते. बहुमजली शाळेची गोष्ट वेगळी. तिथे पैसे मोजकेच असतील तर धूरशोधक भरलेल्या वर्गात आधी लावू नका. त्या वर्गात चाळीस नाके आहेतच. जिथे कोणी बसत नाही तिथे ते आधी हवेत : जिन्याखालची अडगळ, मीटरची खोली, रसायनांचे कोठार, संगणक कक्ष. स्वयंपाकघरात मात्र धुराऐवजी उष्णतेवर चालणारा शोधक बरा. नाहीतर रोज फोडणीला घंटा वाजेल आणि आठवड्याभरात कोणीतरी तिची तार काढून ठेवील.

एक गोष्ट मात्र प्रत्येक शाळेला फुकट करता येते. घड्याळ घेऊन, आगाऊ न सांगता, दोन काळ मोजा. इशारा दिल्यापासून सर्वांत दूरच्या वर्गाला तो कळेपर्यंत किती सेकंद? आणि तो कळल्यापासून शेवटचे मूल मैदानात मोजले जाईपर्यंत किती? एकदा नेहमीच्या जिन्याने मोजा आणि एकदा तो जिना बंद आहे असे धरून. दुसऱ्या वेळी बाहेर पडायला वाटच सापडली नाही, तर शाळेची खरी स्थिती कळली. मोजणी सुरू करण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करायला विसरू नका. विजेची आग लागली तर तो बंदच करावा लागतो, आणि बॅटरी नसलेली विजेची घंटा त्याच क्षणी मुकी होते. अशा वेळी पितळी टोलच कामाला येतो, फक्त तो वेगळ्या ठेक्यात वाजायला हवा आणि तो ठेका पहिलीच्या मुलालाही ओळखता यायला हवा.

हे आकडे नोटीस फलकावर लावा, तारखेसह. पुढच्या सत्रात पुन्हा मोजा. तपासणीसाठी अधिकारी येतील तेव्हा नळकांड्यांच्या संख्येबरोबर हे सेकंदही त्यांना दाखवा, आणि रकान्यात त्यांना जागा नसेल तर ती मागा.