तीन लाख सायटेशन्स आणि एक चेतापेशी : ऑलिव्हर लाउरी यांच्या कामाकडे पाहताना

मागच्या व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, "सर, शास्त्रज्ञ मोठा आहे हे ओळखायचं कसं? सायटेशन्स मोजायची का?" तेव्हा वेळ संपली म्हणून मी सुटलो. आज उत्तर द्यायचा प्रयत्न करतो, आणि त्यासाठी एकच माणूस घेतो : ऑलिव्हर लाउरी.

लाउरी अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात १९४७पासून जवळजवळ तीस वर्षं औषधशास्त्राचे विभागप्रमुख होते. १९५१ साली तीन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी एक शोधनिबंध छापला. विषय काय, तर द्रावणातलं प्रथिन मोजायचं कसं. २०१४मध्ये 'नेचर'ने जगातल्या सर्वाधिक उद्धृत निबंधांची यादी दिली, तेव्हा हा निबंध पहिला होता. सायटेशन्स तीन लाख पाच हजारांवर!

आता निबंध उघडून बघू या. निसर्गाविषयीचं एकही नवं सत्य त्यात नाही. प्रथिनाच्या द्रावणात अल्कधर्मी तांब्याचं द्रावण घालायचं, मग फोलिन अभिकर्मक घालायचा. निळा रंग येतो. रंग जितका गडद, तितकं प्रथिन जास्त. यातली रसायनंही आधीपासून ठाऊक होती. मग इतका वापर का? कारण जीवरसायनशास्त्राच्या कुठल्याही प्रयोगशाळेत 'दर मिलिग्रॅम प्रथिनामागे किती' हा प्रश्न रोजचाच. आपल्याकडे स्वयंपाकघरात तराजू नसला तरी वाटी असतेच ना, तशी ही वाटी.

टीकाकार म्हणून मला या निबंधातली दुसरी गोष्ट जास्त आवडते. पद्धत कुठे फसते, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय : वेगवेगळ्या प्रथिनांचा रंग सारखा येत नाही, काही पदार्थ मध्ये लुडबुड करतात. असा प्रामाणिकपणा मोजायला आकडा नाही. खुद्द लाउरींनाही हा आपला थोर निबंध वाटत नव्हता, आणि तसं ते सांगतही. (हशा)

मग थोर काम कुठलं? यकृत वाटून घेतलं तर फारसं बिघडत नाही, त्याचा बराचसा भाग सारखाच असतो. मेंदू वाटला की सगळं गेलं. त्यात थर आहेत, शेजारीशेजारी असलेल्या पेशी वेगळ्या जातीच्या आहेत. त्यामुळे लाउरींना मोजायचं होतं ते एकेका थरात, शक्य तर एकेका चेतापेशीत. त्यांनी गोठवून वाळवलेल्या ऊतीतून सूक्ष्मदर्शकाखाली कण वेगळे केले. ते तोलायला क्वार्ट्झच्या केसाहून बारीक तंतूचा तराजू वापरला : टोकावर कण ठेवायचा आणि तंतू किती वाकला ते बघायचं. आणि कणातला पदार्थ इतका थोडा की दिसणारच नाही, म्हणून विकरांकरवी तीच अभिक्रिया हजारो वेळा फिरवून खूण मोठी करायची, अशी युक्ती काढली.

याचं फळ बघा. १९६४मध्ये जॅनेट पासोनो आणि इतरांबरोबर त्यांनी उंदरांच्या मेंदूचा रक्तपुरवठा तोडला आणि ठरावीक सेकंदांनी मेंदू गोठवून आतली ऊर्जाद्रव्यं मोजली. रक्त थांबल्यावर साठा किती झपाट्याने आटतो, आणि भूल दिलेल्या किंवा दहा दिवसांच्या पिल्लात तो किती सावकाश आटतो, हे आकड्यांत दिसलं. पहिला निबंध वाटी देतो. या निबंधाने मेंदूविषयी काहीतरी सांगितलं.

पण लाउरींची मर्यादाही सांगितली पाहिजे. ते अप्रतिम मोजायचे. चेतापेशी वाढते कशी, हा प्रश्न मात्र त्यांच्याकडून आला नाही. तो त्याच विद्यापीठात, प्राणिशास्त्र विभागात, रिटा लेव्ही-मोंताल्चिनी विचारत होत्या. स्टॅन्ली कोहेन आणि व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्यासह त्यांचा निबंध १९५४मध्ये आला. त्यातूनच पुढे चेतावृद्धी घटक उभा राहिला, आणि १९८६चं नोबेल कोहेन व लेव्ही-मोंताल्चिनी यांना मिळालं. आज हा घटक पाठ्यपुस्तकात आहे, म्हणून लिहिताना १९५४चा निबंध उद्धृत करायची गरज कुणाला वाटत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी नेमकी हीच गोष्ट दाखवली होती : कल्पना सर्वांची झाली की मूळ नाव पुसलं जातं. म्हणजे आकडा मोठा असला तर तो वापर सांगतो, आणि छोटा असला तर कधीकधी पूर्ण विजयही सांगतो.

हे सगळं मी का सांगतोय? एका निवड समितीवर मी होतो. तीन उमेदवार, तिघांचे एच-इंडेक्स कागदावर. दोन तासांत निकाल लागला आणि एकाही उमेदवाराचा एकही निबंध आम्ही उघडला नाही. मीही नाही. त्यात कुणी लाउरी होता की नव्हता, मला आजही सांगता येणार नाही, आणि ही खंत माझीच आहे.

तेव्हा त्या विद्यार्थिनीला माझं उत्तर असं : आकडा बघ, त्याने दार सापडतं. पण दार उघडून आत जा. एक निबंध पूर्ण वाच, आणि स्वतःला विचार, याआधी विचारता येत नव्हता असा कुठला प्रश्न यानंतर विचारता येऊ लागला? उत्तर सापडायला आठवडा लागेल. लागू दे.

आता प्रश्न घेऊ या.