कीटकांतील जंतुघ्न पेप्टाइडे : जनुक हाती आल्यानंतर

कीटकाच्या देहातील जंतुघ्न पेप्टाइडाचे जनुक वेगळे काढून ते जीवाणूत रुजविल्याचे सांगणारे निबंध गेल्या चार दशकांत विपुल झाले आहेत. त्यांची मांडणी बहुधा ठरलेली असते : नवा कीटक, नवा अनुक्रम, आगरपात्रातील एक स्वच्छ वर्तुळ आणि अखेरीस नव्या औषधाची आशा. ही परंपरा ज्या कार्यातून निघाली ते मात्र याहून पुष्कळ सावध होते.

स्टॉकहोम विद्यापीठातील हान्स बोमान व त्यांचे सहकारी यांनी हायलोफोरा सेक्रोपिया या उत्तर अमेरिकेतील मोठ्या पतंगाचे सुप्त कोश प्रयोगासाठी निवडले. ही निवडच मार्मिक होती. सुप्तावस्थेत चयापचय मंद असतो. त्यामुळे जीवाणू टोचल्यानंतर देहात जे नवे निर्माण होते ते ठळकपणे उठून दिसते. सेक्रोपिन अ आणि ब यांची संरचना १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली ती रक्तद्रवातून प्रत्यक्ष पेप्टाइड शुद्ध करून. सेक्रोपिन ब चा पूरक डीएनए त्यानंतर, १९८५ मध्ये, क्लोन झाला. म्हणजे पदार्थ आधी, जनुक मागाहून. आज हा क्रम उलटला आहे. अनुक्रमातील साम्यावरून जनुक उचलले जाते आणि कार्य गृहीत धरले जाते.

त्या १९८५ च्या निबंधाचे खरे मोल क्लोन मिळाला यात नाही. जनुकावरून ६२ अमिनो आम्लांची पूर्वशृंखला वाचता आली. प्रत्यक्ष पेप्टाइड ३५ आम्लांचे. आरंभीची २६ गळून पडतात आणि शेवटचे एक ग्लायसीन टोकाच्या अमाइडीकरणात खर्ची पडते. जनुकाचा पाठ आणि कार्यक्षम रेणू एकच नव्हेत, हे येथे स्पष्ट झाले होते. तरीही ई. कोलाय मध्ये पेप्टाइड तयार करणारे कित्येक लेखक हे अमाइडीकरण त्या जीवाणूस साधत नाही, याचा उल्लेख ओझरता करून पुढे जातात.

दुसरी अडचण अधिक विनोदी आहे : जो जीवाणू मारावयाचा त्यालाच कारखाना बनवावयाचे! म्हणून पेप्टाइड दुसऱ्या प्रथिनास जोडून निष्क्रिय ठेवतात आणि मागाहून तोडतात. सायनोजेन ब्रोमाइड मेथिओनीनपाशी तोडते. सेक्रोपिन अ मध्ये मेथिओनीन नाही, तेथे ही युक्ती निभावते. ब मध्ये मात्र ते अकराव्या स्थानी आहे, तेव्हा पेप्टाइडच दुभंगते. ते आम्ल बदलून मार्ग काढता येतो. पण मग हाती येणारा पदार्थ कीटकाचा राहत नाही, आणि शीर्षकात तसे म्हणावयास हवे.

आगरपात्रातील वर्तुळाविषयीही असेच. २०१९ मध्ये फळमाशीच्या ड्रोसोफिलातील चौदांपैकी दहा जंतुघ्न पेप्टाइड-जनुके एकत्र काढून टाकण्यात आली, तेव्हा अशा माश्या मुख्यतः ग्राम-ऋण जीवाणूंपुढे हतबल ठरल्या. आणि प्रोव्हिडेन्सिया रेटगेरी या एका जीवाणूपासूनचे रक्षण जवळजवळ एकट्या डिप्टेरिसिनवर अवलंबून असल्याचे दिसले. पात्रात सर्वांवर चालणारे पेप्टाइड देहात कोणाविरुद्ध उपयोगी पडते, हे पात्र सांगू शकत नाही.

भंडारा-गडचिरोलीकडील टसर पतंग सेक्रोपियाच्याच कुळातील. त्याच्या जनुकावर प्रबंध लिहावयाचा झाल्यास आरंभ रक्तद्रवापासून करणे अवघड नाही. त्यास फक्त वेळ अधिक लागतो.