मृत्यूचं कारण कोणतं? : नव्या डॉक्टरांच्या शिक्षणाविषयी

माझ्या नावामागे डॉक्टर लागतं ते तत्त्वज्ञानातलं. त्यानं आजवर कुणाचा ताप उतरलेला नाही. (हशा) तरी आज वैद्यकीय शिक्षणावर बोलायचं धाडस करतोय. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच नाशकात आहे, म्हसरूळला. राज्यभरच्या भावी डॉक्टरांच्या परीक्षा इथून चालतात. तेव्हा हा विषय आपल्या दाराशीच आहे.

काही वर्षांपूर्वी माझे थोरले बंधू एका रुग्णालयात वारले. पहाटेची वेळ. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होता, इंटर्नशिप संपवून नुकताच रुजू झालेला. मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर त्यानं लिहिलं, 'हृदय आणि श्वसन बंद पडणे'. मी म्हणालो, "अहो, हे तर मरण झालं. मरणाचं कारण कुठंय?" जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेलं, दुःखातही खोड जाईना. पोरगा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "सर, हा फॉर्म मी पहिल्यांदाच भरतोय."

त्या फॉर्मवर एकाखाली एक ओळी असतात. तात्कालिक कारण कोणतं, ते कशामुळे, आणि ते तरी कशामुळे. असं मागं जात मूळ आजारापर्यंत पोचायचं. बंधूंना जुना मधुमेह, त्यातून मूत्रपिंडं निकामी, शेवटी रक्तात जंतुसंसर्ग. या तिन्हींवर त्या मुलानं परीक्षेत पानंच्या पानं लिहिली असणार. पण एका माणसाच्या बाबतीत त्यांची साखळी जुळवायला त्याला कुणी बसवलं नव्हतं. आणि हे नुसतं कागदाचं काम नाही. कोणत्या आजारानं किती माणसं जातात, याची सरकारी आकडेवारी अशाच दाखल्यांवरून तयार होते. सगळ्यांची हृदयंच बंद पडली, तर मधुमेहानं गेलेले मोजणार कुठे?

गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञानं १९४९ च्या पुस्तकात एक भेद सांगितला: एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं, ती करता येणं वेगळं. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत 'योग्या' म्हणजे सरावावर स्वतंत्र अध्यायच आहे. भोपळा, कलिंगड, काकडी यांवर छेद घ्यायला शिकवावं, असं तो सांगतो. शास्त्र कितीही ऐकलेलं असो, योग्या न केलेला माणूस कर्माला अयोग्य, हा त्याचा निवाडा.

आता टीका करायची तर न्यायानं करू. एमबीबीएसची साडेचार वर्षं, वर वर्षभराची सक्तीची इंटर्नशिप. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमानं कौशल्यांवर भर दिला, नीती आणि रुग्णाशी संवाद हेही आणलं. कागदावर फारसं कमी नाही. अडतं कुठे? पुढचं सगळं ठरतं पदव्युत्तर प्रवेश परीक्षेवर, आणि ती चार पर्यायांतून एक निवडण्याची. मग ज्या वर्षी वॉर्डात हात तयार व्हायचा, त्याच वर्षी मुलं पुस्तकात डोकं घालून बसतात. त्यांना मी दोष देत नाही. आपण ज्याला गुण देतो तेच मुलं शिकतात. मीही प्रश्नपत्रिका काढल्या आहेत.

रुग्ण मात्र पर्याय घेऊन येत नाही. सुरगाण्याहून आलेली बाई 'कसंतरीच होतंय' एवढंच म्हणते. बागलाणातला म्हातारा अहिराणीत दुखणं सांगतो. त्यातून नेमका प्रश्न काढणं, नातेवाइकांना वाईट बातमी सांगणं, आणि 'मला कळत नाही, वरिष्ठांना विचारतो' असं न लाजता म्हणणं, हे पुस्तकातून येत नाही. शेजारी कुणी जाणतं उभं राहून "तू कर, मी बघतो" म्हणालं, तर येतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: इंटर्नशिप लॉगबुकातल्या सह्यांवर पुरी होऊ नये. मुलानं वरिष्ठांसमोर रुग्णाला बोलतं करावं, दाखल्याचा मसुदा लिहावा, आणि वरिष्ठांनी तो तपासून चूक समजावून द्यावी. वरिष्ठांना वेळ नाही, हे मला ठाऊक आहे. पण तो वेळ कामाचाच भाग धरला पाहिजे, उपकार नव्हे.

त्या पहाटे मी परीक्षकासारखा बोललो, याची खंत आहे. त्या मुलानं वरिष्ठांना फोन केला, दुसरा फॉर्म घेतला आणि तिन्ही ओळी नीट लिहिल्या. वीस मिनिटं लागली. साडेपाच वर्षांत ही वीस मिनिटं त्याला कुणी दिली नव्हती.

सभागृहात डॉक्टर मंडळी दिसतायत. माझं चुकलं असेल तिथे त्यांनी जरूर सांगावं.