केशरी थव्यातला जांभळा

तांबड्या समुद्रात, सिनाईच्या दक्षिण टोकाला रास मोहम्मदच्या प्रवाळभिंती आहेत. तिथे निळ्या पाण्यावर केशरी रंग उधळल्यासारखे दिसतात ते अँथियस मासे. बहुतेकांची नजर त्या रंगावरच खिळते. (तो पाहायला फार खोल जाऊ नये, लाल-केशरी छटा पाणी सर्वांत आधी गिळून टाकतं.) मला मात्र त्या थव्याची खरी गोडी त्याच्या रचनेत वाटते.

सगळ्यांची तोंडं प्रवाहाकडे, कारण प्लवक तिकडूनच वाहत येतं. प्रत्येक मासा जागच्या जागी पोहत राहतो, मध्येच पुढे झेपावून एखादा कण टिपतो आणि परत जागेवर येतो. शिकारी माशाची चाहूल लागली की अख्खा थवा कपारींत शिरतो.

आता एकेक मासा न्याहाळावा. केशरी आहेत त्या माद्या. त्यांच्यात अधूनमधून एखादा जांभळट-गुलाबी मासा दिसतो, अंगाने मोठा, पाठीच्या पराचा तिसरा काटा तुऱ्यासारखा लांब. हा नर. माद्यांसमोर तो वरून खाली सूर मारतो आणि तसाच वळून वर येतो.

हा नर आधी मादी होता! प्राणिशास्त्रज्ञ लेव्ह फिशेलसन यांनी १९७० साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात दाखवून दिलं की नर समोर असेपर्यंत माद्या माद्याच राहतात. तो नाहीसा झाला की त्यांच्यातलीच एक नर होते. पुढे संशोधक डग्लस शापिरो यांनी एकाच गटातले अनेक नर एकदम काढून घेतले. तेव्हा जितके नर गेले तितक्याच माद्या बदलल्या, आणि त्याही एकदम नव्हे, एकामागून एक. या शिस्तीने मी थक्क होतो. थव्यात कोण कमी झालं याची दखल त्या इवल्या शरीरांत घेतली जाते, अंडाशयाच्या जागी वृषण तयार होतं, आणि कातडीचा रंगही पालटतो. म्हणजे तो जांभळा रंग एकट्या माशाचा नाहीच. भोवतालच्या सगळ्यांनी मिळून तो ठरवलेला असतो.

म्हणून मला पूर्ण रंगलेल्या नरापेक्षा बदलाच्या वाटेवरचा मासा अधिक सुंदर वाटतो. अंगावर केशरी अजून शिल्लक, जांभळा नुकता चढू लागलेला, तुरा अर्धाच वाढलेला. थव्यात तो शोधायला वेळ लागतो, पण तेवढा वेळ अवश्य द्यावा.