सरासरी शून्य, तरी ध्रुवीकरण आहे: बर्न्स-डॅकोल यांचा पेपर वाचताना

सेट-नेटसाठी फेरोइलेक्ट्रिकचं आपण एवढंच पाठ करतो: क्युरी तापमानाखाली स्फटिकात आपोआप ध्रुवीकरण असतं, त्याच्यावर गेलं की ते जातं. बेरियम टायटनेटसाठी ही सीमा साधारण १२० अंश सेल्सिअस, ट्रायग्लायसीन सल्फेटसाठी ४९. रोशेल सॉल्टची वरची सीमा तर जेमतेम २४, म्हणजे एप्रिलमध्ये इंदापुरात टेबलावर ठेवलेला त्याचा खडा फेरोइलेक्ट्रिक नसतोच! परीक्षेपुरतं हे पुरतं. संशोधनाला निघालात तर मात्र बर्न्स आणि डॅकोल यांचा 'फिजिकल रिव्ह्यू बी'मधला १९८३ चा पेपर आधी वाचा.

त्यांनी मोजलं काय, तर तापमानाबरोबर बदलणारा अपवर्तनांक. बस्स. लेड मॅग्नेशियम नायोबेटसारखे स्फटिक वरच्या तापमानाला घन सममितीचे असतात, त्यामुळे द्विअपवर्तन शून्य आणि त्यातून काहीच कळत नाही. पण अपवर्तनांक ध्रुवीकरणाच्या वर्गाबरोबर बदलतो, आणि खरी गंमत इथेच आहे. उजनीच्या पाण्यात भिगवणजवळ रोहित पक्ष्यांचा थवा उभा असतो, तेव्हा प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे असतं. दिशांची सरासरी काढा, शून्य येईल. म्हणून पक्षी नाहीत असं कोणी म्हणेल का? वर्ग करून मग सरासरी घेतली की ते लगेच दिसतात. इथेही तसंच. वरच्या तापमानाला अपवर्तनांक सरळ रेषेत जातो, आणि सुमारे ६२० केल्विनला ती रेषा सोडून वाकतो. या पदार्थाचं डायइलेक्ट्रिक शिखर असतं २६५ केल्विनच्या आसपास. म्हणजे त्याच्या साडेतीनशे अंश आधीच ठिकठिकाणी ध्रुवीकरण हजर आहे! या तापमानाला आज 'बर्न्स तापमान' म्हणतात.

कल्पना सुंदर आहे, पण दोन ठिकाणी मी अडतो. सगळा निष्कर्ष त्या सरळ रेषेवर उभा आहे. ती कुठून कुठपर्यंत बसवायची हे आपण ठरवतो, आणि वाकणं हळूहळू होत असेल तर ६२० हा आकडा काही अंश इकडे-तिकडे सरकणारच. नंतरच्या अनेक पेपरांत तो जणू दगडावर कोरलेला असल्यासारखा येतो, ते मला पटत नाही.

दुसरी अडचण जास्त गंभीर. दृश्य प्रकाशाचं एक आंदोलन साधारण दोन फेम्टोसेकंदांत होतं. त्याला जाळी जवळजवळ गोठलेलीच दिसते. ते छोटे ध्रुवित प्रदेश स्थिर आहेत की सतत दिशा बदलताहेत, त्यांचा आकार किती, हे अपवर्तनांक सांगूच शकत नाही. शीर्षकातला 'काचेसारखं' हा शब्द म्हणून मला या मोजमापाच्या थोडा पुढे धावलेला वाटतो.

याच्या शेजारी भिडे आणि मुलतानी यांचा १९६५ चा 'फिजिकल रिव्ह्यू'मधला पेपर ठेवा (व्ही. जी. भिडे पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले). त्यांनी फेरोइलेक्ट्रिकांसाठी मोसबाउर पद्धत वापरली. लोखंडाच्या त्या अणुकेंद्राचं घड्याळ सुमारे एक दशलक्षांश सेकंदाच्या दहाव्या भागाचं, म्हणजे प्रकाशाच्या मानाने कोट्यवधी पट संथ. प्रश्न एकाच जातीचा, घड्याळं दोन. कोणत्या घड्याळाने मोजलं हे न सांगता 'ध्रुवीकरण आहे' म्हणणं अर्धवट आहे.

आणि एक, हे मी स्वतः चुकून शिकलोय. वर्गाचं सूत्र पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटला डोळे झाकून लावू नका. त्याची १२३ केल्विनच्या वरची अवस्थाही पिझोइलेक्ट्रिक असते, उलट-सममितीचं केंद्र तिच्यात नाही. त्यामुळे तिथे मुख्य अक्षाच्या दिशेने पाहिलं तर द्विअपवर्तन ध्रुवीकरणाच्या पहिल्या घाताबरोबर बदलतं. बेरियम टायटनेटचा वर्ग तिथे चिकटवून मी दोन आठवडे आलेखाशी भांडत बसलो होतो.

बर्न्स-डॅकोलचा आलेख समोर घ्याल तेव्हा पट्टी घेऊन बसा. सर्वात वरचे काही बिंदू सोडून रेषा पुन्हा ओढा आणि वाकण्याची जागा किती हलते ते बघा.