व्यंगचित्रातली गाडी आणि मुंब्र्याचं वळण

एप्रिल २०२३ मध्ये 'डेर श्पीगल' या साप्ताहिकात आलेलं व्यंगचित्र आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. भारताची लोकसंख्या चीनच्या पुढे जाणार, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने त्याच महिन्यात जाहीर केला होता. चित्रात दोन समांतर रूळ. एकावर चीनची गुळगुळीत, टोकदार नाकाची गाडी, आत मोजून दोन चालक. दुसऱ्यावर आपली गाडी, आत, बाहेर आणि टपावर माणसंच माणसं, वर फडकणारा तिरंगा. आणि आपली गाडी पुढे! दिल्लीतून राजीव चंद्रशेखर या केंद्रीय मंत्र्यांनी लगेच सुनावलं की, भारताविरुद्ध पैज लावणं शहाणपणाचं नाही, काही वर्षांत आमची अर्थव्यवस्था जर्मनीहून मोठी होईल. इकडे आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर तीन दिवस दुसरा विषय नव्हता. निषेधाची पत्रं लिहिली गेली. देशाची प्रतिमा मलिन झाली, हे वाक्य मी त्या आठवड्यात किमान पन्नास वेळा वाचलं.

आता चित्राबद्दल. व्यंगचित्र म्हणून ते सुमार आहे, असं माझं मत आहे, आणि ते देशाभिमानातून आलेलं नाही. व्यंगचित्रकाराने अतिशयोक्ती करावीच, पण जे आहे त्याची करावी. भारतातल्या ब्रॉडगेज मार्गांचं बहुतेक विद्युतीकरण तेव्हाच झालेलं होतं. डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार असताना टपावर एवढी मिरवणूक बसवायची म्हणजे चित्रकाराने आपला जुना अल्बम उघडला, खिडकी नाही. गंमत म्हणजे चित्रकार पॅट्रिक शापात हे स्विस असले तरी जन्माने कराचीचे. दुसरं, त्या गाडीत गर्दी आहे, माणूस नाही. आर. के. लक्ष्मण यांनी आयुष्यभर खड्डे, रांगा, झोपड्या आणि मंत्री काढले. कुठल्याही परदेशी व्यंगचित्रकाराने भारताची काढली नसेल इतकी लक्तरं त्यांनी रोज सकाळी 'टाइम्स'च्या पहिल्या पानावर टांगली. पण त्या गर्दीत चौकड्यांचा कोट घातलेला एक गृहस्थ उभा असायचा आणि आपण त्याच्या नजरेने बघायचो. शापात यांच्या गाडीत तो चढलेलाच नाही.

इथवर आपण सगळे एकमत असू. पुढे थोडी पंचाईत आहे.

जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे लोकलमधल्या मृत्यूंबद्दल एक जनहित याचिका आली. २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अडीच हजारांहून अधिक माणसं मेली होती. काही रूळ ओलांडताना, काही गाडीतून पडून. प्रवाशांना गुरांसारखं नेलं जातं याची लाज वाटते, अशा अर्थाचे शब्द न्यायमूर्तींनी वापरले. श्पीगलच्या व्यंगचित्रापेक्षा हे कितीतरी कठोर होतं, शिवाय ते आपल्याच न्यायालयाने म्हटलं होतं. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. चार जण त्याच दिवशी गेले. म्हणजे दोन रूळ, दोन गाड्या आणि बाहेर लोंबकळणारी माणसं असं श्पीगलचं चित्र दोन वर्षांनी रेल्वेनेच काढून दाखवलं म्हणायचं. त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर वटपौर्णिमेच्या शुभेच्छा होत्या, आंब्यांच्या पेट्यांच्या ऑर्डरी होत्या. मुंब्र्याबद्दल कल्याणच्या एका वहिनींनी एक ओळ टाकली, त्याखाली चार हात जोडलेले आले, झालं. डोंबिवली, ठाणे, बदलापूर इथून निघून आलेली निम्मी मंडळी त्या ग्रुपवर आहेत.

या दोन आठवड्यांतला फरक मला छळतो. चित्र बघून आपण पेटलो, घटना बघून नाही. म्हणजे 'प्रतिमा मलिन झाली' म्हणताना आपल्याला नेमकं काय म्हणायचं असतं?

हा प्रश्न जुना आहे. १९२७ साली कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईंचं 'मदर इंडिया' आलं. गांधीजींनी त्याला गटारतपासनिसाचा अहवाल म्हटलं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच लेखात ते आणखी एक गोष्ट म्हणाले होते, ती मात्र कुणी सांगत नाही. हे पुस्तक अमेरिकन आणि इंग्रज लोकांपुढे ठेवण्याच्या लायकीचं नाही, पण प्रत्येक भारतीयाला ते वाचून थोडाफार फायदाच होईल, अशा अर्थाचं ते म्हणणं होतं. ही विभागणी मला फार शहाणी वाटते. घरातली भांडी घरात वाजवायची, पण वाजवायची. आपली अडचण अशी की आपण ना घरात, ना बाहेर. आपण राहतो गांधीजींच्या 'त्यांच्या' बाजूला, आणि वाचायला हवं 'आपल्या' बाजूचं. त्यामुळे आपल्यातले बरेच जण निम्मंच वाक्य पाळतात. बाहेरच्यांना दाखवायचं नाही म्हणतात आणि स्वतःही बघत नाहीत.

जर्मनीत राहून या विषयावर बोलायचं तर ग्युंटर ग्रास यांना वगळता येत नाही. १९८६-८७ मध्ये ते काही महिने पत्नीसह कलकत्त्यात राहिले आणि १९८८ साली 'त्सुंगे त्साइगन', म्हणजे 'जीभ दाखवणे', हे पुस्तक आलं. डायरी, रेखाटनं आणि शेवटी एक दीर्घ कविता. जीभ कालीमातेची, लाजेने बाहेर आलेली. मास्टर्स करत असताना मी ते विद्यापीठाच्या ग्रंथालयातून शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं होतं, दोन वर्षांपूर्वी पुन्हा वाचलं. रेखाटनं अस्वस्थ करतात. फुटपाथवर झोपलेली माणसं, कचऱ्याचे ढीग आणि कावळे एकाच काळ्या शाईत असे मिसळले आहेत की कुठे काय संपतं ते कळत नाही. ग्रास प्रामाणिक आहेत, लाज त्यांना स्वतःची आणि युरोपचीही वाटते. पण त्यांच्या सोबतीला सतत थिओडोर फोंटानची पुस्तकं आहेत, आणि मला वाटतं गप्पा त्यांच्या मुख्यतः त्याच्याशीच चालतात. फुटपाथवरचा माणूस उठून काही बोलत नाही. 'स्लमडॉग मिलियनेअर'ला २००९ मध्ये आठ ऑस्कर मिळाली तेव्हा आपल्याकडे नावावरून गदारोळ झाला. माझी तक्रार उलटी आहे. त्या सिनेमातली गरिबी फारच चटकन धुऊन निघते. मूळ कादंबरी लिहिणारे विकास स्वरूप हे आपल्याच परराष्ट्र सेवेतले अधिकारी, हे मला त्या वादातलं सर्वांत मजेशीर वाटलं होतं.

आता नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' घ्या. २०१३ चा सिनेमा. त्यात गावातली डुकरं पकडायला कैकाडी कुटुंब पळतंय. जब्याला शाळेतल्या मुलीने आपल्याला या कामात बघू नये म्हणून तो भिंतीआड लपतोय. अखेर डुक्कर तावडीत येणार एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो. मग घरातले बाकीचेही एकेक करून उभे राहतात. डुक्कर थांबत नाही, ते निघून जातं. पुन्हा पहिल्यापासून पळापळ. पुढे बांबूला उलटं बांधलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन ते कुटुंब शाळेच्या भिंतीजवळून जातं, आणि भिंतीवर फुले, शाहू, आंबेडकर, गाडगेबाबा. कुणी एक शब्द बोलत नाही. देश आणि देशाची प्रतिमा यांतलं अंतर याहून कमी सामग्रीत दाखवलेलं मी पाहिलेलं नाही. या चित्रपटात भारताची बदनामी आहे का? राष्ट्रगीताला उभं राहण्याची किंमत मोजणारी त्या गावात ती एकटीच माणसं आहेत!

दुसऱ्या एका शहरातल्या मंडळाने जर्मन पाहुण्यांसाठी मराठी चित्रपटाची संध्याकाळ ठरवली होती, तेव्हा कुणीतरी 'फँड्री' सुचवला. "अहो, त्यांना काय डुकरं दाखवायची?" असा प्रश्न आला आणि विषय संपला. एका विनोदी चित्रपटावर एकमत झालं. पाहुणे सबटायटल्स वाचून सौजन्याने हसले, वडापाव मात्र उत्तम झाला होता म्हणे.

भ्रष्टाचाराचं थोडं वेगळं आहे, कारण तिथे आकडा असतो. 'ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल' ही संस्था १९९३ पासून इथेच, बर्लिनमध्ये आहे. तिच्या २०२४ च्या निर्देशांकात १८० देशांत भारत ९६ वा, १०० पैकी ३८ गुण. जर्मनी १५ वा, ७५ गुण. ऑफिसात कॉफी मशीनपाशी हा आकडा दरवर्षी निघतो. माझा धंदा डेटाचा, म्हणून मी आधी इनपुट काय ते बघतो. हा निर्देशांक तज्ज्ञांच्या आणि व्यावसायिकांच्या मतांवर बांधलेला आहे, आणि तो देशातल्या सरकारी क्षेत्राबद्दल आहे. लाच घेणारा त्यात दिसतो. परदेशातून येऊन लाच देणारा कुठल्या रकान्यात बसतो? कुठल्याच नाही. १९९९ पर्यंत जर्मन कंपनीने परदेशात दिलेली लाच इथे करातून वजा करता येत असे, आणि तिला सर्रास वापरला जाणारा शब्द होता 'उपयुक्त खर्च'! नोव्हेंबर २००६ मध्ये सीमेन्सच्या कार्यालयांवर धाडी पडल्या. ऑक्टोबर २००७ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने नायजेरिया, लिबिया आणि रशियातल्या लाचखोरीबद्दल २० कोटी १० लाख युरोंचा दंड केला. २००८ च्या अखेरीस जर्मनी आणि अमेरिका मिळून दंड सुमारे १६० कोटी डॉलरवर गेला. निर्देशांकात नायजेरिया तळाशी आणि जर्मनी वरच्या रांगेत, तेव्हाही आणि नंतरही.

हे मी कॉफी मशीनपाशी सांगतो. पण भारतीयांच्या बैठकीत ते सांगायला मला आवडत नाही, कारण तिथे त्याचा उपयोग लगेच वकिली मुद्द्यासारखा होतो. 'बघा, तेही खातात', आणि पुढची थाळी. तळेगावचे सतीश शेट्टी माहितीच्या अधिकाराखाली जमिनींचे व्यवहार बाहेर काढत होते, जानेवारी २०१० मध्ये त्यांचा सकाळी फिरायला गेले असताना खून झाला. माहिती अधिकाराचा कायदा महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, २००२ सालीच केला होता, अण्णा हजारे यांच्या आंदोलनामुळे. केवढी अभिमानाची गोष्ट! आणि तो वापरणाऱ्याचं हे झालं. इथे सीमेन्सचं उदाहरण काय कामाचं?

नायजेरियाचेच चिनुआ अचेबे या बाबतीत मला गुरुस्थानी वाटतात. १९७५ साली अमेरिकेतल्या एका व्याख्यानात त्यांनी जोसेफ कॉनरॅडच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस'ची चिरफाड केली. आफ्रिकेला नुसता पडदा करून टाकलाय आणि पडद्यापुढे युरोपियन माणसाचं दुःख, हा त्यांचा आक्षेप होता. आठ वर्षांनी, १९८३ मध्ये, त्यांनी 'द ट्रबल विथ नायजेरिया' ही छोटी पुस्तिका लिहिली. त्यात कॉनरॅड नाही, इंग्रज जवळजवळ नाहीत. दोष नेतृत्वाचा, असं पहिल्याच पानावर सांगून पुढे भ्रष्टाचार, जातजमातवाद, बेशिस्त, सगळं नावगावासकट. एकाच माणसाने दोन्ही केलं, आणि त्यात त्याला विसंगती वाटली नाही. आपल्याकडे बहुतेकांना यांतलं एकच पुस्तक जमतं.

तसा जर्मनीत आपल्या बाजूने हे दोन्ही करणारा माणूस येऊन गेलेला आहे. नामदेव ढसाळ २००१ मध्ये बर्लिनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय साहित्य महोत्सवात आले होते. कामाठीपुरा आणि गोलपिठा यांची भाषा घेऊन. मुंबईची प्रतिमा त्यांच्याइतकी 'मलिन' कुणी केली असेल? हेनिंग श्टेगम्युलर या जर्मन छायाचित्रकाराची मुंबईची छायाचित्रं आणि दिलीप चित्रे व ढसाळ यांचा मजकूर, असं एक जर्मन पुस्तक १९९६ सालीच निघालेलं आहे. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शोधलं तर सापडतं. त्यातली माणसं कॅमेऱ्याकडे बघतात. ग्रासच्या रेखाटनांनंतर लगेच ते उघडलं तर हे फार जाणवतं.

माझ्या मुलाला गेल्या वर्षी वर्गात एका मोठ्या शहरावर भाषण करायचं होतं, त्याने मुंबई घेतली. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात धारावीचा फोटो होता. आईचा आग्रह सी लिंक आणि सीएसएमटी, आजीचा सिद्धिविनायक. तो मात्र अंबरनाथच्या मामाबरोबर एकदा सकाळच्या लोकलने गेला होता, त्यामुळे त्याने लोकल घेतली, फोटोही मामाकडूनच मागवला. घरात कुजबुज झाली, पण राहिला तो फोटो. भाषणानंतर वर्गातल्या एका मुलीने हात वर करून विचारलं, "दारं बंद का करत नाहीत?" हसली नाही, कीव केली नाही, तिला खरंच कळेना. याला उत्तर येईना, म्हणून संध्याकाळी त्याने मला विचारलं. मग आम्ही बसून शोधलं. साध्या डब्याची दारं बंद केली तर त्या गर्दीत आतल्यांना हवा पुरत नाही. मुंब्र्यानंतर रेल्वेने आपोआप बंद होणाऱ्या दारांचे विनावातानुकूलित डबे बनवायचं जाहीर केलं, त्यात दारांना झडपा आणि टपावर हवा आत घेणारी यंत्रं असणार. त्याने ते सगळं चित्र काढून समजावून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तो कागद दप्तरात घालून तिला दाखवायला घेऊन गेला.